पाव्हण्याचं रक्त

आमच्याकडं माणूस एकटा आजारी पडत नाही. एकाच्या छातीत कळ आली की जीप भरते. बायको, भाऊ, चुलता, मेव्हणा, शेजारचा कुणी, आणि एखादा असा, जो भलतीकडंच निघाला होता पण जीप दिसली म्हणून चढला. सांगलीतल्या आमच्या हॉस्पिटलच्या दारात रोज अशा जीपा लागतात. पेशंट स्ट्रेचरवर चढायच्या आत ही मंडळी कॉरिडॉरभर पसरलेली असतात. वॉचमन बोंबलून बोंबलून थकला. मीही आधी ओरडायची. मग मला त्या गर्दीचा उपयोग सुचला आणि मी गप्प बसले.

मी रेश्मा. ह्या हॉस्पिटलची पॅथॉलॉजिस्ट. फटकळ आहे, हे सिस्टर लोक माझ्या पाठीमागं बोलतात ते खरं आहे. माझं काम एका भयंकर आजारावर चाललं होतं. हृदयातून निघणारी सगळ्यात मोठी रक्तवाहिनी, महाधमनी, तिला आतून चीर पडते आणि रक्त तिच्याच भिंतीच्या पदरांत घुसत जातं. माणूस म्हणतो, पाठीत फाटल्यागत झालं. ईसीजी बघावा तर स्वच्छ. मग गावातला डॉक्टर पित्ताची गोळी देतो आणि तासातासानं माणूस हातातून निसटत जातो. पण त्या चिरलेल्या भिंतीत रक्त गोठतं, विरघळतं, त्याचे अंश रक्तात उतरतात, आणि ते मोजता येतात. डी-डायमर म्हणतात त्याला. त्याच्या जोडीला आणखी दोन नवे मार्कर घेऊन मला अशी टेस्ट बसवायची होती, की म्हसवडच्या नाहीतर पलूसच्या दवाखान्यात थेंबभर रक्तावर कळावं, हे पित्त नव्हे, ह्याला पळवा.

लोकांना ती समाजसेवा वाटायची. कसली समाजसेवा! माझे वडील, लालासाहेब, पलूसच्या एसटी स्टँडवर बाकड्यावर गेले, गॅसचं इंजेक्शन घेऊन घरी परत निघालेले असताना. आणि माझा धाकटा भाऊ धैर्यशील हुबेहूब त्यांच्यासारखा. ताडमाड उंच, लांब बोटं, बीपी कायम चढलेलं. त्याची महाधमनी आताच थोडी रुंद आहे, हे मी स्वतः तपासून घेतलं होतं. गोळ्या दिल्या तर गडी त्या फडताळात ठेवून उसाला पाणी पाजायला जायचा. "अक्का, तुजं आपलं सुरूच," म्हणायचा. "मरतोय कुठं मी, तुज्या म्हातारपणी डोस्कं खायाला हाय की मी." त्याच्यासाठी मी हा सगळा खटाटोप मांडला होता. एक दिवस ती जीप त्याला घेऊन येणार, हे मला ठाऊक होतं, आणि त्या दिवशी माझी टेस्ट तयार असायला हवी होती.

तुलनेसाठी निरोगी माणसांचं रक्त लागतं. तीच माती, तेच पाणी, तसलंच खाणं. जीपभर सोबतीला आलेल्या माणसांपेक्षा बरी कुठनं मिळणार? मी त्यांनाच गाठायला लागले. "आवं म्याडम, दुखतंय त्येला, आन् रगात आमचं?" असं म्हणत काहीजण मुतारीला म्हणून जायचे ते परत यायचेच नाहीत. पण एखाद-दुसरा तयार व्हायचा.

म्हसवडकडनं गुंडा नावाचा माजी सैनिक पाठीतली कळ घेऊन आला त्या दिवशी तसंच झालं. सगळे मागं सरकले आणि बाकड्याच्या टोकाचा एकजण स्वतःहून शर्टाची बाही वर करत म्हणाला, "माजं घ्या."

पन्नाशी उलटलेला, गुळगुळीत दाढी केलेला माणूस. वैशाखाचं ऊन असताना अंगात बिनबाह्यांचा स्वेटर आणि शर्टाचं बटण गळ्यापर्यंत लावलेलं. सगळे त्याला पाव्हणं म्हणत होते. चहा आला तेव्हा पहिला कप त्याला दिला गेला. रीतच आहे ती. माझा टेक्निशियन नियाज यानं त्याचं रक्त घेतलं, गुंडाचं आधीच घेतलेलं होतं, आणि दोन्ही नळ्या मशीनला लागल्या.

गुंडाचा आकडा नॉर्मल. पाव्हण्याचा आकडा मशीनला मोजता येईना इतका वर.

मी नियाजवर अशी कडाडले, की बाहेरच्या सिस्टर आत डोकावल्या. "नळ्या बदलल्यास तू! डोळे फुटलेत का?"

"मॅडम, नळीवर नाव मी पेशंटच्या उशाला उभं राहून लिहिलंय," नियाज म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "कुराणावर हात ठेवून सांगू का?"

मी बाहेर पळाले. तो माणूस बाकड्यावर नव्हता, कॅन्टीनला नव्हता, जीपमध्ये नव्हता. गुंडाचं दुसरं रक्त काढून मी स्वतः मशीनला लावलं. पुन्हा नॉर्मल. हृदयविभागाचे डॉ. जयराज खूश झाले. "बघा मॅडम, तुमच्या टेस्टमुळं त्याचा सीटी स्कॅन वाचला," म्हणाले, आणि त्यांनी पोटाची औषधं लिहून गुंडाला घरी सोडला.

विट्याच्या अलीकडं तो जीपमध्येच गेला. त्याच्या पुतण्यानं फोन करून मला जे ऐकवलं ते मी निमूट ऐकून घेतलं. मग फ्रिजमधल्या नळ्या काढून रक्तगट बघितला. गुंडाच्या लष्कराच्या कागदांवर एबी निगेटिव्ह लिहिलेलं होतं. असला गट क्वचित सापडतो. त्याच्या नावाच्या नळीत एबी निगेटिव्हच रक्त होतं. पाव्हण्याच्या नळीत ओ. नळ्या बदललेल्या नव्हत्या. मी नियाजला तसं सांगितलं. तो बेसिनवर हात धूत राहिला. त्याची माफी मागायची माझी हिंमत झाली नाही.

पावसाळा निम्मा सरला आणि पलूसकडच्या रंगूबाई आल्या. चांगली बागायतदार घरची म्हातारी, हिरवंगार लुगडं, पाठ धरून कण्हत होती. सोबत दोन जीपा माणसं. मी बाहेर आले आणि दारातच थांबले. बाकड्याच्या टोकाला तो बसला होता. तोच स्वेटर, तीच गळ्यापर्यंतची बटणं.

ह्या खेपेला मी दोघांचंही रक्त स्वतःच्या हातानं काढलं. त्याची शीर पटकन सापडली. सवयीनं मी मनगटावर बोटं ठेवली. उजव्या हाताला नाडी ठणठणीत. डाव्या हाताला काहीच नाही. चिरलेल्या महाधमनीत नाडी अशी एका हाताची जाते, हे आम्ही पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवतो. अशा माणसानं घामानं डबडबून लोळत पडायला हवं. हा बशीतून चहा पीत होता.

"कुठं दुखतंय का तुम्हाला?"

"न्हाई."

"कुठल्या गावचे तुम्ही?"

"हितलाच की."

"म्हसवडच्या गुंडाबरोबर पण तुम्हीच होता."

त्यानं बशी खाली ठेवली. "सोबत लागती मानसाला," म्हणाला.

मी रंगूबाईंच्या मुलाला बाजूला घेतलं. हा कोण? "बायकूच्या म्हायारचं असतील," तो म्हणाला. सून म्हणाली, "छ्या! आमच्याकडचं न्हवं. आत्याबाईंच्या भावकीतलं हायत." रंगूबाईंच्या भावकीतल्यांनी परत सुनेकडं बोट दाखवलं.

"अहो, मग जीपमध्ये घेतलाच कसा? विचारायचं नाही?"

मुलगा माझ्याकडं वेड्यासारखा बघायला लागला. "म्याडम, जीपत बसलेल्या पाव्हण्याला तुमी कोन म्हनून कसं इचारायचं? त्येच्या मानाचं काय? आमी फुडच्या शिटावर बसवलं त्यास्नी."

मीही ह्याच मुलखातली. माझ्या दारात कुणी असा आला असता तर मीही आधी पाण्याचा तांब्याच पुढं केला असता.

रंगूबाईंचा आकडा नॉर्मल आला. त्याचा मशीनच्या मापाबाहेर. मी जयराजांच्या खोलीत घुसले. "रक्त काय म्हणतंय ते सोडा, हिचा सीटी करा."

"तुमच्याच टेस्टवर तुमचा भरवसा नाही का, मॅडम?" ते हसत म्हणाले.

भांडून भांडून मी सीटी करवला. महाधमनी वरपासून खालपर्यंत उसवली होती. जयराजांचं हसू तिथंच थिजलं. थिएटरकडं नेता नेता लिफ्टमध्ये म्हातारी गेली. बाकडं तोवर रिकामं झालं होतं.

त्यानंतर आणखी एक तसाच गेला. त्या दिवशी मी कामासाठी साताऱ्याला होते. ड्यूटीवर जो होता त्यानं माझ्याच नियमाप्रमाणं सोबतच्या माणसाचं रक्त घेतलं. पेशंटचं रक्त नॉर्मल, आणि ह्या वेळी सीटीसुद्धा स्वच्छ. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या ताटावरच पेशंट कोसळला. स्वेटरवाला होता का, हे मी परत आल्यावर विचारलं. होता.

एवढं झाल्यावर मला जे समजलं ते मी कुठल्या शास्त्रात बसवू? त्या माणसाचं रक्त माझ्या नळीत उतरलं, की पेशंट हातचा गेला. मग सीटी करा नाहीतर करू नका. जणू दुखणं एकाचं आणि त्याचा पुरावा दुसऱ्याच्या अंगात. जयराजांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी मला चार दिवस सुट्टी घ्यायला सुचवलं. नियाजला सांगितलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "मला पहिल्या दिवशीच वाटलं होतं मॅडम. पण तुम्ही चिडला होता."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी भावजयीचा फोन आला. "आवं वन्सं, ह्यांच्या पाठीत कसंतरी हुतंय. फाटल्यागत हुतंय म्हनत्यात. आमी निगालोय."

मी गेटवर जाऊन उभी राहिले. आयुष्यभर जिची वाट बघितली ती जीप आत वळली. मागं धैर्यशील, भावजयीच्या मांडीवर डोकं ठेवून, तोंड पांढरंफटक. आजूबाजूला माझीच माणसं दाटीवाटीनं बसलेली. सगळी माझ्या ओळखीची, लहानपणापासूनची. आणि पुढच्या सीटवर तो.

"हा कुणी घेतला जीपमध्ये?" मी किंचाळले.

आमचे चुलते जोतिबातात्या खाली उतरत होते. ते दचकले. "आगं, तुज्याच दवाखान्यातला न्हवं का त्यो? फाट्यावर हुबा हुता. आमी म्हटलं तूच धाडलायस."

धैर्यशीलला आत नेलं. मी नियाजला म्हणाले, फक्त ह्याचं रक्त घे, दुसऱ्या कुणाचंही घ्यायचं नाही. आणि बाकड्याकडं गेले. तो बसला होता. बाही वर करून, हात मांडीवर उताणा ठेवून.

"उठा," मी म्हणाले. "चालते व्हा इथनं."

"घ्या की बाई," तो म्हणाला.

"उठा म्हणते ना!"

"रेश्मा," तात्या कळवळून म्हणाले, "आगं, असं बोलतंय का कुनी? च्या तरी पिऊ दे त्यास्नी."

मी तात्यांचं ऐकलं नाही. त्या माणसाच्या दंडाला धरून मी त्याला उभा केला. हात ऊबदार होता, चांगला जिवंत माणसाचा. तेव्हा त्यानं पहिल्यांदा माझ्याकडं सरळ बघितलं. डोळे भरून आले होते.

"बाई, घ्या की वाईच," तो हळूच म्हणाला. "घरी जेवायला थांबल्यात माजी."

मी वॉचमनला हाक मारली. भावाच्या जिवापुढं मला त्या घडीला कुणीही दिसत नव्हतं आणि त्याची लाजही वाटत नव्हती. वॉचमन त्याला गेटपर्यंत घेऊन गेला. जाताना तो माणूस भिंतीला हात लावत लावत चालत होता. गेटबाहेर तो डावीकडं वळला आणि मी आत पळाले.

धैर्यशीलचा आकडा मशीनच्या मापाबाहेर गेला होता. कुठल्याही रिपोर्टनं मला एवढा आनंद दिला नसेल. मी नियाजचे दोन्ही हात धरले आणि ढसाढसा रडले. सीटीत चीर दिसली, अजून वरच्या भागापुरतीच. बाप गेला त्या आजारातनं पोरगा वाचला. भिंतीचा फाटका भाग काढून तिथं कृत्रिम नळी शिवली. शुद्धीवर आल्यावर त्यानं मला बघितलं आणि पुटपुटला, "अक्का, भूक लागली."

माझं नाव झालं. जयराजांनी हार घातला, आणि सांगली आणि सातारा, दोन्ही जिल्ह्यांच्या ग्रामीण दवाखान्यांत माझी छोटी मशीनं बसवायचं ठरलं. पहिलं म्हसवडला. मी आणि नियाज गाडीत ते मशीन घेऊन निघालो. विटा सोडलं आणि एका फाट्यावर नियाजनं ब्रेक मारला.

चौकात फ्लेक्स लागला होता. भावपूर्ण श्रद्धांजली. फोटोत बिनबाह्यांचा स्वेटर, गळ्यापर्यंत बटणं, गुळगुळीत दाढी. खाली निधनाची तारीख. ऊनपावसानं कापड विटलं होतं, पण तारीख वाचता येत होती. दसऱ्याच्या आदला दिवस.

मी शेजारच्या चहाच्या टपरीवर गेले. "हे कशानं गेले हो?"

"साईराज गुरुजी व्हय?" टपरीवाला म्हणाला. "बसल्या जागी गेलं. दुपारी जेवत हुतं, ताटावरच मान टाकली."

"दुपारी? घरीच होते?"

"घरीच की. त्यांचं मागं पुन्याला छातीचं लय मोटं आपरेशन झालतं. धमनी का काय फाटलीती. अगदी येळंवर निदान झालं म्हनून वाचलं, असं डाक्टर म्हनलं हुतं. तवापासनं मानसानं उंबरा वलांडला न्हाई बगा. लगीन न्हाई, मयत न्हाई, कुटं म्हनून न्हाई. चोवीस तास घरात."

"सांगलीला कधी?"

"उंबरा म्हंजी उंबरा, बाई. सांगलीचं कुटलं काडलं?"

मी गाडीत येऊन बसले. नियाजनं सगळं ऐकलं होतं.

"मॅडम," तो म्हणाला, "तुमचे भाऊ कसे आहेत?"

"बरा आहे."

"बाहेर जातात का?"

"गप गाडी चालव."

माझा आवाज चढला होता. त्यानं गाडी सुरू केली. भावजय मला फोनवर काय सांगायची ते मी त्याला कधीच सांगितलं नव्हतं. शेत नको म्हनत्यात, पार नको म्हनत्यात, दारातसुदीक येईनात. मी तिला म्हणायची, बरं झालं, विश्रांती हवीच आहे त्याला.

आणि मग मागच्या आठवड्यात, भर दुपारी, म्हसवडकडनं जीप आली. तिथल्या दवाखान्यातलं माझं मशीन नेमकं बंद पडलं होतं. पेशंट दीपमाला नावाची पोरगी. भाकरी थापता थापता पाठीत कळ आली आणि परातीवर पडली. सासूच्या कडेवर तिचं वर्षाचं लेकरू. सोबत नवरा, दीर, चुलतसासरे, शेजारी.

मी कॉरिडॉरमध्ये आले. बाकड्याच्या टोकाला धैर्यशील बसला होता.

बाही वर केलेली. लांब बोटांचा हात मांडीवर उताणा. शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली.

"धैर्या," मी म्हणाले.

त्यानं वर बघितलं. लोक डॉक्टरकडं बघतात तसं, अदबीनं. ओळख नाही. "घ्या की म्याडम," म्हणाला.

दीपमालाच्या दिरानं चहाचा पहिला कप आणून त्याच्या हातात दिला. "पाव्हणं, घ्या."

मी तिथंच उभी राहून भावजयीला फोन लावला.

"व्हय वन्सं?"

"धैर्या कुठं आहे?"

"ह्ये काय, जेवायला बसल्यात फुड्यात. का वं?" मग मागनं त्याचा आवाज, तोच, घास तोंडात असलेला. "कोन, अक्का व्हय? तिला म्हनावं, रविवारी ये. आन् आमटी वाढ गं."

बाकड्यावरच्या धैर्यशीलनं बशी तोंडाला लावली.

"वन्सं? काय झालं? देऊ का त्यास्नी?"

मी फोन ठेवला नाही. कानाशी तसाच धरून ठेवला. पलीकडं ताटावर वाटी सरकल्याचा आवाज आला.

नियाज दीपमालाच्या पलंगापासून आला. हातात मोकळी नळी होती. त्यानं बाकड्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. त्यानं धैर्यशीलला ऑपरेशनच्या वेळी रोज बघितलेलं होतं.

"मॅडम," तो अगदी हळू म्हणाला, "पोरीचं घेतो. ह्यांना... वॉचमनला बोलावू?"

सासूच्या कडेवरचं लेकरू हुंदके देऊन देऊन झोपी गेलं होतं.

"मॅडम, पोरगी लहान आहे."

"मला दिसतंय," मी म्हणाले.

धैर्यशीलनं कप खाली ठेवला आणि हात पुन्हा उताणा केला. डाव्या मनगटावर मी बोटं ठेवली. नाडी नव्हती. फोनमधून भावजय काहीतरी सांगत होती आणि तो मागं हसत होता.

साईराज गुरुजींना वॉचमननं गेटबाहेर काढलं, त्याच दुपारी त्यांनी घरी ताटावर मान टाकली होती. मी धैर्यशीलच्या दंडाला रबरी पट्टा बांधला.

नियाजनं तोंड फिरवलं. शीर लगेच सापडली. नळी भरली तेव्हा फोनवर ताट उचलल्याचा आवाज आला, आणि नळावर हात धुतल्याचा. मग मी फोन बंद केला.

दीपमालाचं रक्त मीच काढलं. तिनं विचारलं, "बाई, काय न्हाई ना मला?" मी म्हणाले, बघूया. मशीन चालू असताना मी एका जागी उभी होते. आकडा आला. नॉर्मल.

जयराज स्वतः लॅबमध्ये आले. आता त्यांचा माझ्यावर फार विश्वास बसला आहे. "सीटी करायचा का हिचा? तुम्ही सांगाल तसं."

करून उपयोग नव्हता, हे मला माहीत होतं. किंवा मी तसं ठरवलं होतं.

"टेस्ट निगेटिव्ह आहे, सर," मी म्हणाले आणि सही केली.

तिला घेऊन मंडळी निघाली तेव्हा मी पायरीवर उभी होते. जीपची पुढची सीट मोकळी होती. सासूनं वाकून माझ्या पायाला हात लावला. "लय भ्या वाटत हुतं बगा, बाई. द्येवावानी भेटलासा." मग तिनं नुकत्या जाग्या झालेल्या लेकराचा इवलासा हात मनगटाला धरून माझ्याकडं हलवला. "टाटा कर, बाळा. आईला बरं केलं न्हवं का ह्यांनी? टाटा कर."

मीही हात हलवला.